प्रीतीचे न फिटणारे ऋण

व्यापारी कुटुंबात 'करार' हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. माल कोणता, मुदत किती, दर काय आणि कोणावर कोणती जबाबदारी, हे ज्यात ठरते तो करार. मराठी ख्रिस्ती समाजाने आपल्या धर्मग्रंथाच्या दोन भागांना हेच नाव दिले आहे: जुना करार आणि नवा करार. देव आणि मनुष्य यांच्यात झालेली बोली, असा त्याचा भाव. जैन वाचकाला ही कल्पना प्रथमदर्शनी परकी वाटते. ज्या दर्शनात जगाचा कर्ता ईश्वर नाही, कर्माचा हिशेब पाहणारा कोणी न्यायाधीश नाही आणि जीव स्वतःच आपल्या बंधाचा व मोक्षाचा धनी आहे, त्या दर्शनात वाढलेल्या माणसाने करार करावा तरी कोणाशी? तथापि या कराराचे मुख्य कलम कोणते, हे समजून घेतले म्हणजे तो परकेपणा बराच ओसरतो. ते कलम आहे प्रीतीचे. सातारा आणि सांगलीच्या परिसरात गेल्या सव्वाशे वर्षांत ते कलम ज्यांनी आचरून दाखविले, त्यांत ख्रिस्ती होते तसा एक जैनही होता.

दोन आज्ञा आणि एक तराजू

यहुदी परंपरेत धर्मशास्त्रातील आज्ञांची संख्या ६१३ मानली जाते. काय खावे, कोणता दिवस पाळावा, बळी कसा द्यावा, कोणाशी विवाह करू नये, असे सर्व काही त्यांत येते. येशू ख्रिस्ताला एका शास्त्र्याने विचारले, की या सर्वांत श्रेष्ठ आज्ञा कोणती? प्रश्न परीक्षा पाहण्यासाठी होता. येशूने उत्तरात दोन आज्ञा सांगितल्या. संपूर्ण अंतःकरणाने देवावर प्रीती करणे ही पहिली, आणि स्वतःवर करतो तशी शेजाऱ्यावर प्रीती करणे ही तिच्यासारखीच दुसरी. सारे धर्मशास्त्र आणि संदेष्ट्यांची सारी वचने या दोहोंवर आधारलेली आहेत, असा त्याने निर्वाळा दिला. या दोन्ही आज्ञा त्याने नव्याने रचल्या नव्हत्या. पहिली जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात आणि दुसरी लेवीय या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात पूर्वीच होती. त्याने केले ते इतकेच, की विखुरलेल्या मण्यांत सूत कोठून गेले आहे ते बोटाने दाखविले.

लेवीय ग्रंथाचा हा १९वा अध्याय प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा तेथे एखाद्या स्तोत्राच्या मधुर वातावरणात येत नाही. ती येते शेत, मजुरी आणि बाजार यांच्या नियमांमध्ये. पीक कापताना शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत आणि पडलेले वेचू नये; ते गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राहू द्यावे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. न्याय करताना गरिबाची भीड धरू नये आणि थोराचीही धरू नये. मनात वैर साठवू नये. आणि अध्यायाच्या शेवटी, तराजू खरा असावा, वजने खरी असावीत, मापे खरी असावीत.

श्रावकाला येथे ओळखीच्या खुणा दिसू लागतात. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान' म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे, आणि 'प्रतिरूपक व्यवहार' म्हणजे भेसळ, हे दोन अतिचार आचार्यांनी मुद्दाम सांगून ठेवले आहेत. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत 'अतिभारारोपण' आणि 'अन्नपाननिरोध' येतात. जनावरावर किंवा माणसावर झेपणार नाही इतके ओझे घालणे आणि आपल्या आश्रितांचे अन्नपाणी रोखणे, हा अहिंसेलाच लागलेला डाग मानला गेला. मुनीमाचा पगार महिनाभर लांबविणारा आणि हमालाच्या पाठीवर एक पोते जास्त चढविणारा माणूस पाण्याला गाळणे लावत असेल, तरी त्याचे व्रत मलिन झालेले असते. दोन्ही परंपरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: धर्माची खरी परीक्षा देवळाच्या गाभाऱ्याइतकीच पेढीच्या गादीवर होते.

राग की मैत्री?

परंतु सुजाण श्रावक येथे एक आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप खरा आहे. जैन दर्शन राग आणि द्वेष या दोहोंनाही बंधाचे कारण मानते. जिनेश्वर वीतराग आहेत. त्यांच्या ठिकाणी द्वेष नाही तसा रागही नाही. मग जिला प्रेम म्हणतात ती भावना धर्माचे केंद्र कशी होऊ शकेल? पुत्रमोहाने किती पेढ्या बुडाल्या आणि मित्रप्रेमाने किती जामीनकीची कर्जे अंगावर आली, याचा अनुभव व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही.

याचे उत्तर शोधताना ख्रिस्ती परंपरेने 'प्रीती' हा शब्द कोणत्या अर्थाने योजिला ते पाहावे लागते. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्या भाषेत प्रेमासाठी अनेक शब्द आहेत. नव्या कराराने बहुधा 'आगापे' हा शब्द स्वीकारला. आवडीनिवडीवर, रक्ताच्या नात्यावर किंवा सौंदर्यावर हे प्रेम अवलंबून नसते. समोरच्याचे हित इच्छिणे आणि त्या हितासाठी झीज सोसणे, हे त्याचे लक्षण. म्हणूनच ते आज्ञेचा विषय होऊ शकते. अमुक माणूस आवडलाच पाहिजे, अशी आज्ञा कोणी कोणाला देऊ शकत नाही. परंतु अमुक माणसाचे भले कर, अशी आज्ञा देता येते आणि पाळताही येते. शत्रूवर प्रीती करावी असे येशूने सांगितले, तेव्हा शत्रू गोड वाटावा अशी त्याची अपेक्षा नव्हती. सूर्य सज्जनांवर आणि दुर्जनांवर सारखाच उगवतो आणि पाऊस दोघांच्या शेतांवर सारखाच पडतो, हा दृष्टान्त त्याने तेथेच दिला.

या अर्थाने पाहिले तर प्रीतीचे स्थान मोहापाशी राहत नाही. ते मैत्रीभावनेच्या जवळ येते. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना श्रावक नित्य चिंतितो. सर्व जीवांविषयी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी कारुण्य आणि विपरीत वागणाऱ्यांविषयी माध्यस्थ्य. प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तर असा युक्तिवाद केला आहे, की व्यभिचार, हत्या, चोरी, लोभ यांविरुद्धच्या सर्व आज्ञा शेजारप्रीतीत सामावतात, कारण प्रीती शेजाऱ्याचे काही वाईट करीत नाही. म्हणजे प्रीतीची कसोटी सांगताना पौल जेथे पोहोचला ते स्थान अहिंसेचे आहे. जैन आचार्य अहिंसेपासून निघून मैत्रीपर्यंत गेले. पौल प्रीतीपासून निघून अहिंसेपर्यंत आला.

दोहोंमधील अंतरही झाकून ठेवण्याचे कारण नाही. ख्रिस्ती विचारात मनुष्य प्रीती करतो, कारण देवाने आधी त्याच्यावर प्रीती केली. ती एका उपकाराची परतफेड आहे. जैन विचारात मैत्रीचा पाया जीवांच्या समानतेत आहे; मला दुःख नको तसे कोणालाच नको, एवढे त्याला पुरते. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा 'शेजारी' प्रामुख्याने मनुष्य आहे; जैन मैत्रीचे वर्तुळ एकेंद्रिय जीवांपर्यंत जाते. पांजरपोळ बांधणाऱ्या समाजाला या बाबतीत कोणाकडून धडा घेण्याची गरज नाही. प्रश्न उलट दिशेने येतो. वर्तुळाचा परीघ इतका विशाल असताना, परीघापर्यंत जाण्याच्या वाटेवर उभा असलेला माणूस कधी कधी नजरेतून सुटतो काय?

शेजारी कोण?

शेजाऱ्यावर प्रीती करावी हे मान्य. पण शेजारी म्हणजे नेमका कोण? एका शास्त्र्याने येशूला हाच प्रश्न केला. कायद्याच्या जाणकाराला शोभणारा प्रश्न होता तो. जबाबदारीची हद्द एकदा ठरली की हद्दीबाहेरच्या माणसाची चिंता उरत नाही. येशूने त्यावर एक गोष्ट सांगितली. यरुशलेमेहून यरीहोकडे जाणाऱ्या एका वाटसरूला लुटारूंनी लुटले आणि अर्धमेला करून टाकून दिले. त्याच वाटेने एक याजक आला, मंदिरातील सेवेकरी असलेला एक लेवी आला. दोघेही पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले. मग एक शोमरोनी आला. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि रात्रभर सांभाळले. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि बजावले, की याहून अधिक खर्च आला तर करावा, परतताना तो चुकता करीन.

या शेवटच्या तपशिलाकडे पेढीवरच्या माणसाचे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी. शोमरोन्याने दोन दिवसांची मजुरी रोख दिली आणि पुढच्या रकमेसाठी अनोळखी माणसाच्या नावे आपले खाते उघडे ठेवले. उधारीची मर्यादा लिहिली नाही, तारण घेतले नाही, जखमी माणूस फेडील की नाही हे विचारले नाही. गोष्ट संपवून येशूने शास्त्र्याचा प्रश्न उलटविला. या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? 'माझा शेजारी कोण' ही चौकशी मागे पडली; 'मी कोणाचा शेजारी होतो' ही जबाबदारी पुढे आली.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत 'वात्सल्य' हे एक अंग आहे. गाय वासरावर जशी निर्हेतुक माया करते तशी साधर्मिकांवर करावी, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. या अंगाच्या बळावर जैन समाजाने मोठी कामे केली. धर्मशाळा, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, गरजू साधर्मिक कुटुंबांना गुप्तदान, अडचणीत आलेल्या व्यापाऱ्याला पुन्हा उभे करणे, ही सारी वात्सल्याची फळे होत. पण वात्सल्य साधर्मिकापाशी थांबावे की तेथून आरंभ करून पुढे जावे, हा प्रश्न शोमरोन्याची गोष्ट वाचल्यावर मनात राहतो.

लेवीय ग्रंथाच्या त्याच अध्यायात आणखी एक आज्ञा आहे. देशात राहणाऱ्या उपऱ्यावरही स्वतःसारखी प्रीती करावी, कारण एके काळी तुम्हीही मिसर देशात उपरे होता. ज्या कुटुंबांचे पणजोबा मारवाड, गुजरात किंवा कच्छमधून कृष्णाकाठच्या गावांत आले, त्यांना या आज्ञेचा अर्थ वेगळा समजावून देण्याची गरज नाही. भाषा येत नव्हती तेव्हा कोणीतरी ओसरी दिली, कोणीतरी दुकानाला जागा दिली, कोणीतरी पहिला माल विश्वासावर नेला. ही नावे वहीत लिहिलेली नसतात. पण ते येणे अजून बाकी आहे.

मिरजेचा दवाखाना

कॅनडात जन्मलेले विल्यम वॉनलेस हे तरुण डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. प्रारंभी सांगलीत एका छोट्या दवाखान्यातून त्यांनी काम केले आणि पुढे मिरज हे आपले क्षेत्र ठरविले. १८९४ साली मिरजेचे मिशन रुग्णालय सुरू झाले. पुढे तेथे वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली, कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभे राहिले, क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली. शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे लोक मिरजेची वाट धरू लागले. सुमारे चार दशके हे काम केल्यानंतर १९२८ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९३३ साली त्यांचे निधन झाले. सांगली-मिरजेच्या दरम्यानची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव मराठी उच्चारात जपून आहे. परदेशी माणसाचे नाव गावाला लागावे आणि पुढे 'वाडी' हा प्रत्यय जडून ते इथलेच होऊन जावे, यापेक्षा अधिक प्रामाणिक मानपत्र कोणते असणार?

कुष्ठरोगाच्या सेवेकडे जैन वाचकाने आपल्या परिभाषेतून पाहावे. सम्यग्दर्शनाचे एक अंग 'निर्विचिकित्सा' आहे: रोगी, मलिन, दुर्गंधीयुक्त देह पाहून किळस न करणे. या अंगाच्या दृष्टान्तात उद्दायन राजाची कथा सांगतात. मुनिवेषात आलेल्या रोगी देहाने अंगावर वमन केले, तरी राजाने घृणा केली नाही. उलट आपल्याकडून आहारात काही चूक झाली की काय, अशी त्याने खंत केली. सहा अभ्यंतर तपांत 'वैयावृत्त्य' म्हणजे शुश्रूषा येते आणि चार दानांत औषधदान येते. ही सारी तत्त्वे पाठशाळेत मुलांकडून पाठ करून घेतली जातात. त्याच काळात मिरजेत काही परके लोक कुष्ठरोग्यांच्या जखमा हाताने धूत होते आणि त्यासाठी त्यांना हा शब्दही ठाऊक नव्हता. गुणवंताविषयी प्रमोद बाळगावा, ही भावना खरी असेल तर येथे तो मोकळेपणाने प्रकट झाला पाहिजे.

मिशनच्या सेवेविषयी एक शंका तेव्हाही होती आणि आजही आहे. सेवेच्या मागे धर्मांतराचा हेतू असेल तर तिला निरपेक्ष म्हणावे काय? महात्मा गांधींनी हा आक्षेप स्पष्ट शब्दांत वारंवार मांडला होता. त्यात तथ्य आहे आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राच्याच मापाने तो तपासता येतो. शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या पंथात येण्यास सांगितले नाही. त्याने फक्त खर्च उचलला. ज्या सेवेने अट घातली ती या गोष्टीपासून ढळली आणि जिने घातली नाही ती गोष्टीला जागली. पण हेच माप दुसऱ्या हातातही धरावे लागते. नामफलकासाठी दिलेले दान, आपल्याच ज्ञातीपुरता उघडा ठेवलेला दरवाजा, यांचे वजन त्याच तराजूत करावे लागेल.

साताऱ्यातील दोन लक्ष्मीबाई

मराठी भूमीत प्रीतीच्या या आज्ञेला ज्याने इथला आवाज दिला, तो कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांचे मन तेथे अडकले. शत्रूवरही प्रीती करण्याचा उपदेश त्याच प्रवचनातला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाची किंमत पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. काही वर्षे पतीपत्नी विलग राहिली. प्रीतीचा धर्म घरात शिरताना आधी घर मोडते, हा विरोधाभास लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेत कोठेही कडवटपणा न आणता मांडला आहे. पुढे सोवळ्याओवळ्याची बंधने त्यांनी आपल्या विचाराने एकेक करून सोडली. मनुष्यामनुष्यांतला भेद देवाने केलेला नाही, ही गोष्ट त्यांना कोणा पंडिताने पटवून दिली नाही. ती त्यांची त्यांनाच उमगली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्यात येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही या बंधुसंघात स्थान होते. प्रीती हाच जर धर्माचा गाभा असेल तर तिच्या दारात दाखल्याची अट का असावी, असा त्यामागचा विचार दिसतो. दरबाराला फार आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले.

त्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, सातारा जिल्ह्यातील काले या गावी एका जैन गृहस्थाने रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील हे ते गृहस्थ. विद्यार्थिदशेत कोल्हापुरात अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना आपले राहते वसतिगृह सोडावे लागले. वात्सल्याची हद्द कोठे संपते, हा प्रश्न त्या दिवशी एका जैन मुलाने आपल्याच माणसांसमोर उभा केला होता. पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. विक्रेता म्हणून हिंडताना त्यांनी रयतेचे दारिद्र्य आणि अज्ञान जवळून पाहिले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाचा खरा आधार होत्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या श्राविकेने महार, मांग, मराठा, मुसलमान अशा सगळ्या मुलांना एका चुलीवरचे अन्न वाढले. मुलांच्या धान्यासाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. व्यापारी घरातील स्त्रीला स्त्रीधनाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. तो तिचा शेवटचा आधार असतो. तो आधार त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या ताटात वाढला. १९३० साली त्या निवर्तल्या.

एक ख्रिस्ती लक्ष्मीबाई आणि एक जैन लक्ष्मीबाई. एकीने पतीच्या धर्मांतराचा घाव सोसून आपल्या विचाराने जातिभेद टाकला. दुसरीने धर्म न बदलता तेच केले. बायबल आणि श्रावकाचार यांची तुलना पंडितांनी खुशाल करावी. या दोघींच्या स्वयंपाकघरांत तिचा निकाल केव्हाच लागला होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे निधन ९ मे १९५९ रोजी झाले. टिळकांच्या निधनाला त्या दिवशी बरोबर ४० वर्षे पूर्ण होत होती.

उधारीची वही

पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या त्या पत्रात एक विलक्षण विचार आहे. कोणाचेही देणे अंगावर ठेवू नये, फक्त एकमेकांवरील प्रीतीचे देणे तेवढे कायम राहील. व्यापाऱ्याला हे वाक्य चटकन समजते. सगळी खाती दिवाळीला चुकती करता येतात, परंतु हे एक खाते दर वर्षी नव्या वहीवर पुढे ओढावे लागते. त्यात जमा कितीही झाले तरी बाकी शून्य होत नाही.

येशूच्या अनेक दृष्टान्तांत कर्ज आणि कर्जदार येतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रार्थनेतही पापक्षमा मागताना 'ऋण' हाच शब्द आला आहे. एकदा पेत्र या शिष्याने विचारले, की भावाला किती वेळा क्षमा करावी? सात वेळा? येशूने सातला सत्तरने गुणले आणि एक गोष्ट सांगितली. एका राजाच्या सेवकाकडे १०,००० तालांत इतके कर्ज होते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले. कोणत्याही जन्मी न फिटणारे. राजाला दया आली आणि त्याने ते सर्व सोडले. तोच सेवक बाहेर पडला, तो त्याला १०० दिनार देणे असलेला एक सोबती भेटला. त्याने सोबत्याचा गळा धरला आणि पैसे फिटेपर्यंत त्याला तुरुंगात टाकले. राजाला हे कळले तेव्हा त्याने आपली माफी मागे घेतली.

क्षमावाणीच्या किंवा संवत्सरीच्या दिवशी ही गोष्ट श्रावकाने अवश्य आठवावी. त्या दिवशी शेकडो कुटुंबांना क्षमापनेचे संदेश जातात, आणि ते योग्यच आहे. पण ज्याच्याशी कोर्टात दावा चालू आहे तो भाऊ, ज्याची शेवटची पगारवाढ रागाने अडविली तो मुनीम, ज्याच्याशी बोलणे सोडले ती सून, यांच्यापर्यंत तो संदेश पोहोचतो काय? वर्षाच्या आत वैर मिटले नाही तर ते कषाय अत्यंत गाढ होतात आणि सम्यक्त्वालाच बाधा येते, असे व्याख्यानांतून महाराज सांगतात. पौल तर एवढीही मुदत देत नाही. रागावर सूर्य मावळू नये असे तो म्हणतो. आणि येशूने सांगितले आहे, की वेदीवर दान अर्पण करताना आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा आणि मग येऊन दान अर्पण करावे. बोली लावण्यापूर्वी, चढाव्याची रक्कम जाहीर होण्यापूर्वी, एकदा भावाच्या दारावर जाऊन यावे, असा याचा जैन घरातला अर्थ.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले. दुकानांतला माल भिजला आणि शिवारातली पिकेही पाण्याखाली गेली. अशा वर्षी आडत्याच्या वहीत शेतकऱ्याच्या नावावर जी रक्कम पडून राहते, तिचे काय करावे, हा प्रश्न कोणत्याही ग्रंथात थेट सोडविलेला नाही. सगळीच उधारी माफ केली तर पेढी बुडेल आणि पेढीवर अवलंबून असलेली माणसेही बुडतील. ती प्रीती होणार नाही. व्याज चालू ठेवून दारात माणूस बसवला, तर कायद्याने चूक नसेल. पण गळा धरणारा तो सेवक आठवेल. या दोहोंमध्ये कोठेतरी मुदत वाढविणे, व्याज सोडणे, पुढच्या पेरणीला बियाण्यापुरते पुन्हा देणे, अशा लहान लहान वाटा असतात. धर्म त्या वाटांवर चालतो. नियम पाळणाऱ्याला किती देणे बंधनकारक आहे ते ठाऊक असते. प्रीती करणाऱ्याला आणखी काय देता येईल, हा विचार सुचतो.

ख्रिस्ती धर्मशास्त्राने आपल्या ६१३ आज्ञांचे सार ज्या शब्दात पाहिले, तो शब्द जैन श्रावकाला आपल्या दर्शनात उसना आणावा लागत नाही. मैत्री, वात्सल्य, निर्विचिकित्सा, वैयावृत्त्य, अभयदान ही त्याच्या घरची जुनी भांडी आहेत. मिरजेच्या त्या डॉक्टरांनी आणि साताऱ्याच्या त्या श्राविकेने ती रोजच्या वापरात आणून दाखविली. पर्वाच्या दिवशी घासून पुन्हा माळ्यावर ठेवलेल्या भांड्याला चमक असते खरी, पण त्यात कोणाचे अन्न शिजत नाही.